दुष्काळ नेमका कशाचा: पावसाचा की अन्नाचा?

जांभा_चिरा (रत्नागिरी)

सुदानमधील उत्तर दार्फुरच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये आणि गाझा शहर व परिसरात ऑगस्ट २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अन्नसुरक्षा तज्ज्ञांनी जी परिस्थिती जाहीर केली, तिला आपल्या वर्तमानपत्रांनी 'दुष्काळ' म्हटले. आमच्या गावच्या वाचनालयात ती बातमी वाचून एका जाणत्या गृहस्थांनी विचारले की, तिकडे यंदा पाऊस झाला नाही का? त्यांचे विचारणे अगदी स्वाभाविक होते. दुष्काळ म्हटला की आपल्याला भेगा पडलेली जमीन, टँकर आणि चारा छावण्या आठवतात. झमझममध्ये मात्र लढाई, वेढा आणि वाटेत अडवून धरलेले धान्य ही कारणे होती.

मराठीत 'दुष्काळ' हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक, पाऊस न पडणे. दुसरी, माणसांना खायला न मिळून ती मरू लागणे. हिंदीत यासाठी 'सूखा' आणि 'अकाल' असे दोन शब्द सर्रास चालतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात राहत असल्यामुळे मला हा घोटाळा जास्त जाणवतो. दुष्काळ हा घाटावरचा विषय आहे, कोकणाचा त्याच्याशी संबंध नाही, असे आमच्याकडे सहज म्हटले जाते. ते खरे आहे का? आणि दुसऱ्या अर्थासाठी वेगळा मराठी शब्द रूढ करावा का? जाणकारांनी लिहावे.

कुडाळकर_मास्तर

महत्त्वाचा विषय काढलात. 'दुष्काळ' म्हणजे वाईट काळ, एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्यात पाऊसही नाही आणि अन्नही नाही. त्याच्या उलट 'सुकाळ'. संस्कृतातला नेमका शब्द 'दुर्भिक्ष' आहे, म्हणजे ज्या काळात भिक्षासुद्धा मिळणे कठीण होते तो काळ. तो सरळ अन्नाशी जोडलेला आहे. पाऊस न पडण्याला 'अवर्षण' किंवा 'अनावृष्टी' असे स्वतंत्र शब्द आहेत आणि ते आजही समजतात. त्यामुळे शब्द नाहीत असे म्हणता येणार नाही. आपण ते वापरायचे सोडले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जुन्या लोकांनी पिकावर येणाऱ्या संकटांना 'ईती' म्हटले आणि त्या सहा मोजल्या: अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि सहावी, सीमेवर येऊन ठेपलेले राजे. सहापैकी पावसाच्या केवळ दोन, आणि त्यांतही एक पाऊस जास्त झाल्याची. परचक्र आले की सैन्य उभी पिके कापून नेते, गुरे हाकून नेते, वाटा बंद होतात आणि पाऊसपाणी उत्तम असूनही लोक उपाशी मरतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. झमझमची बातमी त्या सहाव्या ईतीत बसते.

मालवणी मुलुखात आम्ही 'दुकळ' म्हणतो. अधाशासारखे खाणाऱ्याला 'दुकळातसून इल्यासारखो जेवता' असे घरोघरी म्हटले जाते. म्हणजे बोलीत तरी दुकळ पोटाचाच आहे, आभाळाचा नाही.

तरवा (लांजा)

कोकणात दुसऱ्या अर्थाचा दुष्काळ आला होता का, असे जांभा_चिरा यांनी विचारले आहे. माझ्या आजीच्या सांगण्यावरून मी निःशंकपणे सांगते की, १९४२-४३ च्या सुमारास त्याची छाया आमच्या दारापर्यंत आली होती आणि त्या वेळी पाऊस चांगला होता.

आमच्या भागात घरची भातशेती वर्षभर पुरत नसे. वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर नाचणी आणि वरी, रब्बीला वायंगणात (ओल टिकणाऱ्या शेतात) थोडा कुळीथ. उरलेल्या महिन्यांचा तांदूळ दुकानातून विकत आणायचा आणि त्यासाठी पैसे मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या माणसाने मनीऑर्डरने पाठवायचे, अशी घडी बसलेली होती. दुकानातला तांदूळ बराचसा ब्रह्मदेशातून येई. आजी त्याला 'रंगूनचा तांदूळ' म्हणे. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले आणि ती आवक बंद पडली. आजोबांची मनीऑर्डर येत होती, पण दुकानात तांदूळच नव्हता, आणि असला तर भाव परवडत नव्हता. त्या पावसाळ्यात घरात नाचणीची आंबील, कुळथाची पिठी आणि सुकवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या यांवर दिवस काढले. पुढे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले, तेव्हा मुंबईतल्या माणसाला ठरावीक धान्य तरी मिळू लागले. गावच्या माणसाला मात्र बरेच दिवस आपले आपणच बघावे लागले, असे आजी सांगत असे.

या काळाला आजी दुष्काळ म्हणत नसे, 'महागाई' म्हणत असे. शेतात भात उभे होते, विहिरीला पाणी होते, मग दुष्काळ कसा म्हणायचा, असे तिला वाटत असावे. म्हणजे शब्दाचा घोटाळा आजचा नाही.

खाडीकाठ

तरवाताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही पणजीच्या तोंडी 'रंगूनचा तांदूळ' होता, पण तो कुठून येई आणि का बंद झाला, हे आज प्रथमच समजले.

मंगळवेढ्याचा_पाहुणा (सध्या चिपळूण)

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त कोकणात स्थायिक झालेला आहे, तेव्हा घाटावरच्या वतीने थोडे लिहितो.

आमच्या गावाचे नाव ज्यांच्यामुळे महाराष्ट्रभर झाले, त्या दामाजीपंतांची कथा सर्वांना माहीत आहे. त्यांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्या लोकांसाठी खुली केली. लहानपणापासून ही कथा भक्तीची म्हणून ऐकली. मोठेपणी त्यातली दुसरी गोष्ट लक्षात आली. कोठारात धान्य होते. गावात भूक होती. दोहोंच्या मध्ये कुलूप होते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून जे मांडले, त्याचा गाभा हाच आहे की, देशात अन्न किती आहे यापेक्षा कोणाला ते मिळवता येते हा प्रश्न मोठा असतो. १९४३ मध्ये बंगालमध्ये शेतमजूर, मच्छीमार आणि गावातले कारागीर प्रामुख्याने मेले, कारण भाव चढले आणि त्यांच्या मजुरीत तांदूळ विकत घेता येईना. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज २० ते ३० लाखांपर्यंत जातात.

परंतु एका बाबतीत माझा जांभा_चिरा यांच्याशी मतभेद आहे. १९७२ साली आमच्याकडे माणसे मोठ्या संख्येने भुकेने मेली नाहीत. म्हणून तो दुष्काळ नव्हता असे म्हणायचे का? माझ्या वडिलांनी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या (ज्वारीच्या एका प्रकाराच्या) भाकरी खाल्ल्या, कामावर वाटली जाणारी सुकडी खाल्ली. गुरे गेली, जमीन गहाण पडली, माणसे देशोधडीला लागली. मे १९७३ च्या सुमारास राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्याच काळात राज्यभर उभी राहिली आणि तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. मृत्यू टळले ते या कामांमुळे. शब्दाला मृत्यूची अट घातली तर ज्यांनी मृत्यू टाळण्यासाठी हाडांची काडे केली त्यांच्या वाट्याचा दुष्काळच पुसला जाईल.

जांभा_चिरा

आपला मुद्दा मनाला भिडला. मृत्यूची अट मला मराठी शब्दाला घालायची नाही. परंतु आंतरराष्ट्रीय व्याख्येत ती अट आहे आणि आपण त्या बातम्यांचे भाषांतर त्याच शब्दाने करतो, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या व्याख्येनुसार तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची वाण, किमान ३० टक्के मुलांमध्ये तीव्र कुपोषण, आणि उपासमारीने किंवा कुपोषण व रोगाने दर दहा हजार लोकांमागे रोज किमान दोन मृत्यू. याहून खालच्या स्थितीला ते लोक 'आणीबाणी' म्हणतात.

वैद्यबुवा_दापोली

हा निकष किती कठोर आहे हे आकड्यावरून कळत नाही, म्हणून आपल्याकडचे प्रमाण लावून पाहा. पन्नास हजार वस्तीच्या तालुक्यात रोज दहा माणसे भुकेने किंवा भुकेतून आलेल्या रोगाने जायला हवीत. शिवाय भुकेने मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर बहुधा 'भूक' असे लिहिलेलेच नसते. अतिसार, गोवर, न्यूमोनिया असे लिहिलेले असते, कारण खंगलेल्या शरीराला शेवटचा धक्का रोगच देतो. म्हणून जाहीर होईपर्यंत फार उशीर झालेला असतो. सोमालियात जुलै २०११ मध्ये घोषणा झाली. त्या संकटात एकूण सुमारे अडीच लाख माणसे गेली आणि त्यांतली निम्मी पाच वर्षांखालील मुले होती.

दप्तरदार (महसूल खात्यातून निवृत्त)

आता सरकारी शब्दांविषयी लिहितो, कारण या शब्दाचा खरा इतिहास दप्तरात आहे.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा असा दर ठरवला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला हे पुरणे शक्य नव्हते आणि त्यावर तेव्हाही कडक टीका झाली. त्यानंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळाची चाहूल कशी ओळखायची, चाचणीची (किती लोक मजुरीला येतात हे पाहण्याची) कामे कधी काढायची, कामे आणि अन्नछत्रे कधी सुरू करायची, हे त्यांत ठरवून दिलेले होते. याचा अर्थ असा की, 'दुष्काळ' हा शब्द कागदावर चढला की सरकारला खर्च करणे भाग पडे. म्हणून तो शब्द कागदावर चढू न देण्याकडे कल असे. बंगालमध्ये १९४३ साली माणसे रस्त्यावर मरत असतानाही दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ जाहीर केला गेला नाही.

स्वतंत्र महाराष्ट्रात १९६३ साली एक कायदा झाला, ज्याचा हेतूच राज्यातील कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकण्याचा होता. त्याच्या जागी 'स्केअर्सिटी', म्हणजे 'टंचाई', हा शब्द घालण्यात आला. कारण असे दिले गेले की, शासन शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच मदत पोहोचवते, त्यामुळे दुष्काळ पडण्यास आता वावच उरलेला नाही. त्यानंतर नऊ वर्षांनी १९७२ आले.

'टंचाई', 'टंचाईसदृश', 'दुष्काळसदृश' आणि 'दुष्काळ' अशी ही शब्दांची उतरंड आहे आणि प्रत्येक पायरीला वेगळ्या सवलती जोडलेल्या आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये आधी 'दुष्काळसदृश' तालुक्यांची यादी निघाली आणि काही दिवसांतच १५१ तालुक्यांत 'दुष्काळ' जाहीर झाला. शेतसारा माफी, कर्जाचे पुनर्गठन, वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्क माफी हे सगळे त्या शब्दावर अवलंबून असते. आमच्या काळात पैसेवारी (नेहमीच्या पिकाला रुपया धरून काढलेला यंदाच्या पिकाचा अंदाज) ५० पैशांच्या आत आली की नाही, यावर गावेच्या गावे डोळे लावून बसत.

आडोशाची_वाट

दप्तरदार, १९६३ च्या कायद्याविषयी मी आजवर काहीच ऐकले नव्हते. ही माहिती शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

माहेर_चिपळूण

वरच्या चर्चेत पाण्याचा मुद्दा राहून जातो आहे, म्हणून लिहिते. कोकणात दुष्काळ नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एप्रिल अखेरीस आमच्या धनगरवाडीवर यावे. पावसाळ्यात जिथे चार महिने छत्री मिटत नाही तिथे उन्हाळ्यात बायका पहाटे उठून डोंगर उतरतात आणि विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने साठणारे पाणी भरून घेतात. जांभा दगड सच्छिद्र, नद्या आखूड आणि उताराच्या. पडलेले पाणी काही तासांत खाडीला मिळते. दरवर्षी जिल्ह्याचा टंचाई आराखडा होतो, टँकर फिरतात, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळे विसरले जाते. मी याला पाण्याचा दुष्काळच म्हणणार. 'टंचाई' म्हटल्याने माझ्या भावजयीच्या डोक्यावरचा हंडा हलका होत नाही.

कुडाळकर_मास्तर

ताई, आपल्या वेदनेबद्दल दुमत नाही. शब्दाबद्दल मात्र माझा आग्रह वेगळा आहे. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येणाऱ्या आणि माणसाच्या नियोजनाने टाळता येणाऱ्या गोष्टीला 'दुष्काळ' म्हटले की ती दैवाच्या खात्यावर जमा होते. 'वाईट काळ आला' म्हटले की जबाबदार कोणीच नसतो. 'टंचाई' हा शब्द मला यासाठी बरा वाटतो की, टंचाई का आहे, योजना अर्धवट का राहिली, बंधाऱ्यात गाळ का साठला, असे पुढचे प्रश्न त्यावर विचारता येतात.

माहेर_चिपळूण

मास्तर, प्रश्न आम्ही ग्रामसभेत विचारतोच. परंतु 'टंचाई' हा शब्द ऐकणाऱ्याला फारसे अस्वस्थ करत नाही, हा आमचा अनुभव आहे. ज्या शब्दाने दार उघडते तो शब्द माणूस वापरणारच.

रापणकर (मालवण)

ताईंच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत, आणि किनाऱ्यावरचे उदाहरण देतो. आमचे पारंपरिक मच्छीमार काही वर्षांपासून 'मत्स्यदुष्काळ जाहीर करा' अशी मागणी करत आले आहेत. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंदच असते. त्यापुढे हंगामात वादळे येतात. २००९ चे फयान, २०१९ चे क्यार, २०२१ चे तौक्ते ही नावे आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ आहेत. त्यात पर्ससीन जाळी (माशांचा थवाच वेढून उचलणारी यांत्रिक जाळी) आणि एलईडी दिव्यांच्या उजेडात केलेली मासेमारी. शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, एलईडीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी उजेड समुद्रात दिसतच राहिला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला पन्नास-साठ माणसे लागतात. दोरीला तासन्‌तास खांदा लावल्यावर जाळ्यात चार टोपल्या पेडवे मिळाले तर वाटणीला काय येणार?

शेतकऱ्याचे पीक गेले की पंचनामा होतो, समुद्रातल्या पिकाचा पंचनामा कसा करायचा, असे आम्हांला विचारले जाते. म्हणून आमच्या लोकांनी शेतकऱ्याचा शब्द घेतला. त्याशिवाय आमचे म्हणणे ऐकणाऱ्याला समजत नाही.

तरवा (लांजा)

रापणकरदादा, मत्स्यदुष्काळ हा शब्द मला योग्यच वाटतो, कारण त्यात कशाचा दुष्काळ हे सांगितलेले आहे. 'ओला दुष्काळ' या शब्दाविषयी मात्र मन साशंक होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यारच्या पावसाने कापलेले भात शेतातच रुजून आले, तेव्हा आम्हीही ओला दुष्काळ जाहीर करा म्हणून निवेदन दिले होते. हा शब्द अधिकृत आहे का?

दप्तरदार (महसूल खात्यातून निवृत्त)

नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पर्जन्यमान, पिकाखालचे क्षेत्र, वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओल आणि पाणीसाठे यांवरून दुष्काळ ठरतो. ते सगळे निर्देशांक कोरडेपणाचे आहेत. अतिवृष्टीचे नुकसान आपत्तीच्या निकषात बसवावे लागते आणि तिथे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान ही अट असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुराने हाहाकार उडाला, तेव्हाही राज्य सरकारने हेच सांगितले की, ओला दुष्काळ अशी संज्ञा नियमांत नाही, मात्र टंचाईच्या वेळी देतात त्या सवलती दिल्या जातील. लोकांच्या भाषेत 'ओला दुष्काळ' पक्का रुजला आहे, कारण शेतकऱ्याच्या दृष्टीने पीक करपले काय आणि कुजले काय, कणगी रिकामीच.

मंगळवेढ्याचा_पाहुणा (सध्या चिपळूण)

याच कारणासाठी 'दुष्काळ' शब्दाचे दोन तुकडे करू नयेत असे मला वाटते. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण घ्या. अधिक महिना आला की वर्ष लांबते आणि रिकाम्या कणगीतून आणखी एक महिना घर चालवावे लागते. त्या म्हणीत पाऊस, पीक, अन्न आणि कर्ज सगळे एकत्र आहे. शेतकऱ्याच्या आयुष्यात ते एकत्रच असते.

खाडीकाठ

म्हण पटली. परंतु 'विचारांचा दुष्काळ', 'चांगल्या माणसांचा दुष्काळ' अशी जी भाषणबाजी चालते ती थांबावी असे फार वाटते. वरचे अनुभव वाचल्यावर तो शब्द असा उधळणे योग्य वाटत नाही.

वैद्यबुवा_दापोली

मूळ प्रश्नाकडे येऊ या. बातमी लिहिणाऱ्याने काय लिहावे? 'उपासमार' मला अपुरा वाटतो. उपासमार एका घराचीही होते. 'कुपोषण' हे तर लक्षण झाले. मास्तरांचा 'दुर्भिक्ष' नेमका आहे, पण तो आज मथळ्यात दिला तर वाचक अडखळेल.

कुडाळकर_मास्तर

अडखळला तरी चालेल. चार वेळा वाचल्यावर शब्द अंगवळणी पडतो. तरीही सर्वांना मान्य होईल असा पर्याय म्हणून 'अन्नदुष्काळ' सुचवतो. 'मत्स्यदुष्काळ'सारखाच तो बांधलेला आहे, उलगडून सांगावा लागत नाही, आणि मंगळवेढेकरांचा मूळ शब्दही त्यात शाबूत राहतो.

जांभा_चिरा

'अन्नदुष्काळ' मला मान्य आहे. त्याला आणखी एक जोड द्यावी: मथळ्यात कारण यावे. 'वेढ्यामुळे अन्नदुष्काळ', 'धान्य अडवल्याने अन्नदुष्काळ' असे लिहिले तर पाऊस झाला नाही का, असा प्रश्न कोणी विचारणार नाही. मी एका स्थानिक साप्ताहिकासाठी अधूनमधून लिहितो. पुढच्या लेखात हा शब्द वापरतो आणि संपादकांचे मत इथे कळवतो. तरवाताई, १९४२ च्या आठवणी सविस्तर लिहून काढाव्यात ही विनंती. त्या पिढीची माणसे आता फार थोडी राहिली आहेत.

तरवा (लांजा)

नक्की लिहीन. आजीची धाकटी बहीण संगमेश्वरला आहे, तिला त्या काळातले धान्याचे भाव आणि कोणत्या कंदांवर दिवस काढले ते अजून सांगता येते. येत्या शिमग्याला तिच्याकडे जाणार आहे, तेव्हा विचारून वेगळा धागा काढते.